सात नंबरचा सत्कार

आमच्या पी.टी.च्या बाई भारताच्या महिला फुटबॉल संघातून खेळल्या होत्या, आणि ही गोष्ट कर्वेनगरात एकाही माणसाला खरी वाटत नव्हती. मुळात बायकांचा असा काही संघ असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या बाबांना मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "पाचवारीत की नऊवारीत?" आणि ते पुन्हा शेअरच्या भावांकडे वळले. त्या वर्षांत अर्धं पुणं शेअरच्या भावांकडे वळलेलं होतं आणि उरलेलं अर्धं कॉम्प्युटरच्या क्लासकडे.

बाई स्वतःहून बढाई मारायच्या नाहीत. पण एखादी मुलगी बूट चावतात म्हणून रडायला लागली की त्या सांगायच्या, "भारताच्या कॅम्पला मला पुरुषांचे उरलेले बूट मिळाले होते. पुढे वर्तमानपत्र कोंबून खेळले. तुझे निदान तुझ्या पायाचे आहेत. पळ." असं तुकड्यातुकड्यांनी आम्हाला ते कळत गेलं. त्या काळी बायकांचं फुटबॉल वेगळीच माणसं चालवायची, पुरुषांचं फुटबॉल चालवणाऱ्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कॅम्पला जायचं ते बिनरिझर्वेशनच्या डब्यात, पत्र्याच्या ट्रंकेवर बसून. संघ बाहेरदेशी गेला, खेळला, काही सामने जिंकला, काही हरला आणि परत आला. पुणे स्टेशनवर बाईंना घ्यायला फक्त त्यांचा भाऊ आला होता, तोही आईनं ट्रंक नीट परत आणायला सांगितली होती म्हणून.

पुरावा म्हणाल तर एक होता. कुठल्याशा बंगाली पेपरात संघाचा फोटो आला होता. बाईंनी तो लग्नानंतर सासरी नेला आणि सासूबाईंनी तो लोणच्याच्या बरण्यांखाली घातला. वर्षभरात अख्खा संघ तेल पिऊन पारदर्शक झाला. बाई हे सांगताना हसायच्या. मला मात्र त्या सासूबाईंचा फार राग यायचा, आणि मी त्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

मी बाईंच्या शाळेची माजी विद्यार्थिनी. संघात मी मागे खेळायचे. माझा खेळ म्हणजे समोरून येणाऱ्या मुलीला आडवं जायचं आणि नंतर "लागलं का गं?" असं विचारायचं. शाळा संपली, कॉलेज संपलं, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले, तरी शनिवारी संध्याकाळी मैदानावर जाणं सुटलं नाही. कंपनीत माझं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढायचं. पुण्यात जन्मलेल्या माणसाला या कामाचे पैसे देतात हे कळल्यावर माझ्या आजूबाजूच्या निम्म्या लोकांना आपलं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटलं होतं.

मैदान शाळेच्या मागे होतं. लाल मुरूम, एका टोकाला लोखंडी पाइपचा गोलपोस्ट, दुसऱ्या टोकाला दोन दगड. मुलींना फुटबॉल खेळायला कर्वेनगर ते कोथरूड एवढ्या पट्ट्यात हीच एक जागा. बाकीची मैदानं क्रिकेटवाल्या मुलांनी सूर्य उगवायच्या आत धरलेली असत. आणि नेमकी हीच जागा आमच्या संस्थेच्या डोळ्यांत भरली. तिथे संगणक केंद्र बांधायचं ठरत होतं.

संस्थेचे कार्यवाह हे एक अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही, ते 'बघू' म्हणायचे. मैदानाला ते कधीही मैदान म्हणत नसत, 'मागची मोकळी जागा' म्हणत. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होते.

"बाई, आपल्या मुली इतकी वर्षं चेंडूला लाथा मारताहेत," ते म्हणाले, "आता जरा हातांनी करायचं काहीतरी शिकवू या. माउस वगैरे."

"दोन्ही शिकू देत की," बाई म्हणाल्या.

"बघू."

पालकही आमच्या बाजूचे नव्हते. कोथरूडमधल्या प्रत्येक आईला तेव्हा आपली मुलगी अमेरिकेत दिसत होती, आणि तिथे जायचा रस्ता मुरमावरून जात नाही हे तिला पक्कं माहीत होतं. बाईंच्या निवृत्तीला थोडा अवधी राहिला होता. त्यांना दुसरं काही नको होतं. "माझ्या जागी कुणीही येऊ दे," त्या म्हणायच्या, "शिट्टी वाजवता येणारा कुणीही चालेल. पण जमीन गेली तर शिट्टी कुठे वाजवणार?" बाई हल्ली रात्रीच्या जेवत नाहीत, असं त्यांच्या यजमानांनी मला एकदा हळूच सांगितलं. म्हणजे त्यांना किती लागलं होतं ते समजा. एरवी बाई जेवणाच्या बाबतीत कुणाला हार जात नसत.

आणि मग कोथरूडच्या भाजीबाजारात तो प्रकार घडला.

मी आणि बाई संध्याकाळी भाजी घेत होतो. एका गाड्यावरून बटाटा घरंगळला. बाईंनी पिशवी न सोडता, साडीचा घोळ जरासा उचलून तो बटाटा डाव्या पायानं थांबवला आणि त्याच पायानं उडवून बरोबर विक्रेत्याच्या टोपलीत टाकला. हे त्या नेहमीच करायच्या, भाजीवाल्यांना सवय होती. पण त्या दिवशी मागून भलामोठा आवाज आला.

"ए सेवन! बायाँ पैर से मत मारो, कितना बार बोला!"

बाईंच्या हातातून पिशवी पडली. मागे एक उंच, धिप्पाड, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. पांढरी साडी, लाल काठ, एका हातात दुधी. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग त्या उंच बाईनं दुधी माझ्या हातात कोंबून आमच्या बाईंना असं काही कवटाळलं की कोथिंबीरवाली गाडा मागे घेऊन उभी राहिली.

त्या भारताच्या गोलकीपर होत्या, आणि आमच्या बाई त्यांच्या संघातल्या सात नंबर. मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्यानं कोथरूडला फ्लॅट घेतला आणि आईला कलकत्त्याहून घेऊन आला. गेलं वर्षभर बाईंच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर त्या राहत होत्या आणि पुण्यात चांगले मासे मिळत नाहीत म्हणून रोज संध्याकाळी सुनेशी भांडत होत्या. मी त्यांना गोलकीपर काकू म्हणायला लागले. त्यांनी पहिल्याच भेटीत मला अख्खी मॅच सांगितली. बाई म्हणाल्या, तो गोल माझा. काकू म्हणाल्या, गोल तुम्हारा, लेकिन बॉल हम दिया था. त्यावर दोघींचं जोरदार भांडण झालं आणि भाजी घ्यायची राहून गेली.

त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पुण्यात जिवंत माणसाला कुणी जागा देत नाही, पण इतिहासाला देतात. इथे कुणी महापुरुष ज्या दुकानातून तपकीर घ्यायचे त्या दुकानालाही हात लावायची कुणाची छाती होत नाही. मग जिथे भारताची खेळाडू मुली घडवते त्या मैदानाला कोण हात लावेल? फक्त लोकांना ते खरं वाटलं पाहिजे. आणि पुण्यात एखादी गोष्ट खरी ठरवायची पद्धत एकच आहे. त्या गोष्टीचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि अध्यक्षीय भाषण झालं की पुढची पन्नास वर्षं कुणी शंका घेत नाही.

"मला नको सत्कार," बाई म्हणाल्या. "त्या हॉलमधल्या खुर्च्यांवर माझी पाठ धरते."

"मैदानासाठी," मी म्हणाले.

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "मैदानासाठी असेल तर बसते," त्या म्हणाल्या.

माजी विद्यार्थिनींनी चंग बांधला. कुणी हॉल ठरवला, नारायण पेठेत, पंखे आवाज करणारा पण नेमका मध्यवर्ती. कुणी पत्रिका छापल्या. 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल' ही ओळ छापायची का, यावर वाद झाला, कारण पुण्यात ती ओळ न छापणं हा वेळ न पाळण्याचा पहिला टप्पा समजला जातो. साक्षीला गोलकीपर काकू पहिल्या रांगेत बसणार होत्या. मी भीतभीत कार्यवाहांना अध्यक्षस्थान स्वीकारायची विनंती केली. मला वाटलं, ते 'बघू' म्हणतील. ते चक्क हसून 'वा' म्हणाले. आमच्या शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे चिरंजीव अमेरिकेत मोठे झाले होते, दोन आठवडे पुण्यात आले होते आणि आईच्या नावे संस्थेला देणगी द्यायच्या विचारात होते. त्यांनाही कार्यक्रमाला घेऊन येतो, असं कार्यवाह म्हणाले. मी खूष. म्हटलं, जितके प्रतिष्ठित लोक तितका इतिहास पक्का. कार्यवाह एवढे का हसले, हा विचार तेव्हाच करायला हवा होता. दिवसभर चुका शोधायच्या कामानं माझं डोकं संध्याकाळी बंद पडलेलं असायचं.

कार्यक्रम अर्थातच वेळेवर सुरू झाला. समई पेटेना, कारण पंखे चालू होते. पंखे बंद केल्यावर समई पेटली, पण अध्यक्षांना घाम यायला लागला. मग प्रास्ताविक. ते करायला आम्ही इतिहासाच्या निवृत्त सरांना बोलावलं होतं. त्यांनी पेशवाईतल्या चेंडूफळीपासून सुरुवात केली. फुटबॉल हा शब्द यायच्या आत पहिल्या रांगेत दोघांच्या माना खाली गेल्या होत्या. गोलकीपर काकू मात्र ताठ बसून होत्या. मराठी त्यांना कळत नव्हतं, मी शेजारी बसून कानात सांगत होते. पेशवाईचा भाग मी एका वाक्यात उरकला.

बाईंना शाल घातली. नारळ दिला. मानपत्र वाचलं. त्यात बाईंना 'रणरागिणी' म्हटलं होतं. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चटकन छताकडे बघितलं. तरी सांगते, टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा आले होते, तेसुद्धा टाळ्या वाजवत होते. तेलात विरघळून गेलेला तो संघ पहिल्यांदाच कुणाला तरी दिसत होता.

मग अध्यक्ष उठले.

कार्यवाह फार छान बोलले. भारताच्या महिला फुटबॉल संघाचा इतिहास कसा उपेक्षित राहिला, आपल्या संस्थेला त्याची खंत कशी होती, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी मान डोलवत होते. पुढे ते म्हणाले, असा इतिहास नुसता शाल देऊन भागणार नाही, त्याचं चिरंतन स्मारक झालं पाहिजे. मी आणखी जोरात मान डोलवली. आणि मग त्यांनी खूण केली. शिपायानं टेबलावरचं कापड ओढलं. खाली थर्मोकोलची चार मजली इमारत होती.

"आपल्या थोर देणगीदारांच्या मातोश्रींच्या नावे आणि आपल्या राष्ट्रीय खेळाडूच्या सन्मानार्थ," कार्यवाह म्हणाले, "हे क्रीडा स्मृती भवन! तळमजल्यावर वाहनतळ. वर संगणक केंद्र. त्याच्यावर सभागृह. आणि जिन्याच्या भिंतीवर महिला फुटबॉलचा संपूर्ण चित्रमय इतिहास. हे सारं उभं राहील शाळेमागच्या मोकळ्या जागेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मैदान वाचवायला मी इतिहास आणला आणि त्याच इतिहासाचं स्मारक मैदानावर बांधलं जाणार होतं. फुटबॉलच्या आठवणींसाठी फुटबॉलच काढून टाकायचं, आणि वर आम्हीच टाळ्या वाजवायच्या. आता विरोध तरी काय करणार? ज्यांचा सन्मान त्यांनीच नको कसं म्हणायचं? कार्यवाहांनी मला असं चीत केलं होतं की मनातल्या मनात मी त्यांना दाद दिली आणि लगेच स्वतःला चार शिव्या घातल्या. काकूंच्या कानात मी एवढंच सांगितलं, "काकू, ग्राउंड गया."

"किधर गया?"

"बिल्डिंग के नीचे."

काकूंनी त्या थर्मोकोलकडे पाहिलं आणि बंगालीत काहीतरी म्हणाल्या. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

निवेदिका म्हणाली, आता सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतील.

बाई उठल्या. माइक त्यांच्या उंचीला नेहमीच जास्त असायचा, त्यांनी तो खाली केला. मला वाटलं, आता त्या भांडणार. हात जोडून विनंती करतील, नाहीतर मैदानावर ओरडतात तशा ओरडतील. त्या यातलं काहीच न करता शांतपणे म्हणाल्या,

"अध्यक्ष महाराज, इतकं झाल्यावर आता सांगणं भाग आहे. मी भारताकडून कधीही खेळलेले नाही."

पहिल्या रांगेतल्या खाली गेलेल्या दोन्ही माना खाडकन वर आल्या.

"मुली लहान असताना त्यांना जोर यावा म्हणून मी ती थाप मारायला लागले," बाई म्हणाल्या. "मग ती वाढत गेली. मुलींना वाटलं खरंच आहे, त्यांनी कौतुकानं हा कार्यक्रम केला. त्यांचा काही दोष नाही. संस्थेनं जरा चौकशी केली असती तर बरं झालं असतं. पण जिन्यात खोटा इतिहास रंगवण्यापेक्षा आत्ताच बोललेलं बरं. आपला वेळ घेतला, क्षमा असावी."

मी उठून उभी राहिले. कारण बाई खोटं बोलत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा बोलत होत्या, आणि त्या काय करताहेत ते मला कळत होतं. इतिहासच नाही म्हटल्यावर स्मारक कशाचं? खोट्या खेळाडूच्या नावाला आपल्या आईचं नाव कोण जोडेल? हातात असलेली एकुलती एक गोष्ट, जी सासूबाईंच्या लोणच्यातूनही कशीबशी वाचली होती, ती बाईंनी स्वतः उचलून फेकून दिली.

देणगीदारांचा चेहरा पडला होता. ते कार्यवाहांच्या कानाशी लागले. कार्यवाह पांढरे पडले, पण माणूस हुशार. त्यांना पहिल्या रांगेतल्या काकू आठवल्या.

"एक मिनिट, एक मिनिट," ते माइकमध्ये म्हणाले. "बाई विनयानं बोलत असतील. आपल्यात त्यांच्या संघाच्या गोलकीपर प्रत्यक्ष उपस्थित आहेत. मॅडम, आपही बताइए. आप दोनों साथ में खेली थीं ना?"

सगळा हॉल काकूंकडे वळला. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंचं बोलणं त्यांच्या कानात सांगायचं विसरले होते, आता सांगायला वेळही नव्हता. मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. काकूंनी मग स्टेजवर उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, त्या खांद्यावरच्या शालीची घडी करत होत्या.

काकू सावकाश उठल्या.

"हम किसी के साथ नहीं खेला," त्या म्हणाल्या. "हम तो भाजी लेने गया था. ये लड़की हमको इधर लाके बैठा दिया."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्यांनी माझा हात धरला. त्यांची बोटं फार जाड होती.

पुण्यातला श्रोतृवर्ग अशा वेळी आरडाओरडा करत नाही. मागून कुणीतरी फक्त म्हणालं, "मग शाल परत घ्या." बाईंनी घडी केलेली शाल टेबलावर त्या थर्मोकोलच्या गच्चीवर ठेवली. नारळ मात्र पिशवीत टाकला. आभारप्रदर्शन झालं नाही, पण अल्पोपाहार झाला, कारण वडे तळून तयार होते आणि त्यांचा यात काही दोष नव्हता. लोक वडे खाताना बाईंपासून चार हात लांब उभे राहिले. बाबा माझ्याजवळ आले. "मला शंका होतीच," ते म्हणाले. त्या एका वाक्याबद्दल मी बाबांशी महिनाभर नीट बोलले नाही. कशाबद्दल ते त्यांना अजून कळलेलं नाही.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा शोधायला लागलो. पहिला रिक्षावाला म्हणाला कोथरूडला येणार नाही. दुसऱ्यानं नुसतीच मान फिरवली. तिसऱ्याला काकूंनी न विचारताच आत बसून घेतलं. मध्ये मी, दोन बाजूंना त्या दोघी. रिक्षा लकडी पुलावर आली. मला रडू आवरेना. मी म्हणाले, "बाई, असं कशाला केलंत?"

"मग काय करायला हवं होतं? जिन्यात जाऊन लटकायचं?" बाई म्हणाल्या. "आणि तू रडू नकोस. इतिहासाचं भूत नाचवलंस तू, मी नुसतं उतरवलं."

त्यावर काकू मोठ्यानं हसल्या. काय म्हणाल्या ते सांग, असं मला म्हणाल्या. मी सांगितलं, तर आणखी हसल्या. बाईही हसल्या. कर्वे रस्त्यावरून तिघी हसत चाललो होतो, रिक्षावाला आरशातून बघत होता. आणि मग एका सिग्नलला, रिक्षा थांबल्यावर, बाई माझ्या पलीकडे वाकल्या आणि काकूंना अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खेले थे ना हम?"

काकूंचं हसू थांबलं.

"खेला था," त्या म्हणाल्या. "बहुत अच्छा खेला था."

बाईंनी मान डोलावली आणि बाहेर बघायला लागल्या. मग त्या रडल्या. सिग्नल सुटेपर्यंत रडल्या, आणि नंतर पदरानं नाक पुसून मला म्हणाल्या, नारळाची बर्फी करीन, घेऊन जा.

देणगीदार परत गेले. देणगी दुसऱ्या कुठल्याशा कामाला गेली. संस्थेनं बाईंकडे खुलासा मागितला. बाईंनी एका ओळीचा खुलासा दिला, की मी खोटं बोलले. त्यांना कामावरून काढलं नाही, पण त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी कुणी फूलसुद्धा दिलं नाही. सहकारी शिक्षिका त्यांच्या मागे त्यांना 'वर्ल्ड कप' म्हणायच्या. बाईंना ते माहीत होतं. कार्यवाहांनी पुढे दोनतीनदा बैठकीत मागच्या मोकळ्या जागेचा विषय काढायचा प्रयत्न केला. दर वेळी कुणीतरी खोकायचं आणि विचारायचं, "या वेळी कुणाचा इतिहास?" की विषय पुढच्या बैठकीवर जायचा. शेवटी संगणक केंद्र शाळेच्या गच्चीवर पत्रे टाकून झालं. उन्हाळ्यात तिथे मुली आणि कॉम्प्युटर दोन्ही तापतात.

इंटरनेट सर्वांच्या घरी आल्यापासून मी कधीतरी त्या जुन्या संघाबद्दल शोधून बघते. थोडंफार सापडतं. सात नंबरवर कोण होतं ते सापडत नाही. मला लिहून टाकायचा फार मोह होतो. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी आहे तोवर नाही. कार्यवाहसुद्धा इंटरनेट बघतात." काकूंनी तेच सांगितलं, फक्त मोठ्या आवाजात. म्हणून मी इथेही कुणाचं नाव घातलेलं नाही, आणि शाळाही कुठली ते सांगणार नाही.

बाई अजून रोज संध्याकाळी मैदानावर जातात. आता माझी भाची तिथे खेळते. ती नऊ वर्षांची आहे आणि माझ्यासारखी नाही, पुढे खेळते. परवा शनिवारी तिला आणायला गेले. गुडघ्यापर्यंत मुरूम, केसांत मुरूम. स्कूटरवर मागे बसता बसता ती म्हणाली, "मावशी, या आजी पूर्वी थापा मारायच्या, इंडियाकडून खेळले म्हणून. तुला माहितीये?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आजींनीच. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना सांगतात. खरंच मारायच्या का गं?"

मैदानावर उरलेल्या मुली अजून पळत होत्या. बाई गोलपोस्टला टेकून कुणावर तरी ओरडत होत्या.

"खरंच," मी म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.